वयनीन इंजिन बसवलन!

आमच्या वाडीत बातमी पोचवायला फोन लागत नाही. सकाळी माझ्या जीपखाली ऑइलचे चार थेंब दिसले आणि दुपारी खालच्या वाडीत झालं होतं, "वयनीन इंजिन बसवलन!" म्हणजे वहिनीने इंजिन कायमचं बंद पाडलं. इंजिन तर सुरू होतं. जीप चालत होती. त्याच सकाळी मी शाळेची पोरं डांबरी रस्त्याला सोडून आले होते. पण बसवलन म्हणजे बसवलन. पुरुषाच्या हातातली गाडी बिघडली तर गाडी वाईट, बाईच्या हातातली बिघडली तर बाई वाईट. हे कोणाला शाळेत शिकवावं लागत नाही.

मी विमला. साठी जवळ आलीय, केस पिकलेत आणि जीभ पहिल्यापासून तिखट आहे. ज्याला झोंबते त्याने पाणी प्यावं. आमची वाडी लांज्याच्या बाजूला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. डांबरी रस्ता खाली पऱ्यापाशी, ओढ्यापाशी, संपतो आणि तिथून वर आमची घाटी लागते. घाटी म्हणजे नुसता कातळ, सुटे धोंडे आणि पावसाने पाडलेल्या घळी. रिक्षावाला ती वाट लांबून बघतो आणि तिथूनच हात जोडतो. घाटीला चढते ती एकच गाडी, चारही चाकांनी ओढणारी आमची जुनी डिझेल जीप. गॅसचे सिलिंडर, भाताची पोती, तापाने फणफणलेली माणसं, माहेरपणाला आलेल्या मुली, सगळं तिच्यातून वर येतं आणि तिच्यातूनच खाली जातं.

जीप माझ्या यजमानांच्या नावावर आहे. महिपत त्यांचं नाव. मी घेते नाव. घेतल्याने त्यांचं आयुष्य कमी झालेलं नाही. ते अलोऱ्याला प्रकल्पावर ड्रायव्हर होते. तिथल्या कॉलनीच्या मैदानावर रविवारी त्यांनी मला जीप शिकवली. शिकवताना असे ओरडायचे की कॉलनीतल्या बायका चहाचे कप घेऊन गॅलरीत यायच्या. पण शिकवलं, ते नाकारत नाही. निवृत्त झाल्यावर ही जीप लिलावात घेतली आणि आम्ही गावी आलो. मग साखरेने त्यांचे डोळे नेले. आता त्यांना माणूस आला की सावली दिसते, चेहरा नाही. तेव्हापासून स्टेअरिंग माझ्याकडे आलं. सुरुवातीला वाडीतले पुरुष भर उन्हात घाटी पायी चढायचे, पण माझ्या शेजारी बसायचे नाहीत. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि अक्कल आली.

यंदा दिवाळीला मी मुंबईला गेले होते, मुलाकडे, विनीतकडे. महिपत आले नाहीत. त्यांना तिथल्या जिन्यांची भीती वाटते. शेजारीण गंगा त्यांना दोन वेळचं जेवण देत होती आणि जीप मांगरात उभी होती. मांगर म्हणजे घरामागची आमची खोप, जीपची, लाकडांची आणि कोंबड्यांची. परत आले, जीप काढली, तर दुसऱ्या दिवशी सारवलेल्या जमिनीवर काळं ऑइल.

नाक्यावरचा शिवा मेकॅनिक चांगला पोरगा आहे. त्याने बघितलं आणि म्हणाला, "वयनी, गाडी बरेच दिवस उभी ऱ्हायली की सील सुकतात. मागचा सील गेला." गिअरबॉक्स खाली उतरवून त्याने मागचं सील बदललं. घरी आले, तर ऑइल पुन्हा गळतंय. आधी मागून गळत होतं, आता पुढूनही गळायला लागलं. आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! पुन्हा गेले. इंजिन चालू ठेवून त्याने ऑइलचं झाकण काढलं, तर आतून फस्सकन हवा आली. शिवाने तोंड पाडलं. "वयनी, रिंगा गेल्या. आतला सगळा दाब खाली उतरतोय. इंजिन उतरवायला लागेल, आणि उतरवून काय उपयोग, ती म्हातारी झालीय."

"कोण म्हातारी?" मी विचारलं.

"जीप, वयनी, जीप!"

शिवाने विनीतला फोन केला. मला विचारून केला नाही. विनीतचा मला फोन आला. "आई, घाटीत इंजिन जाम झालं तर पोरांसकट दरीत जाशील. साठीची झालीस तू. पुरे झालं आता." समुद्रकाठी नाट्याला त्याच्या ओळखीचा दीपक म्हणून एकजण होता. होड्या वाळूवर ओढून घ्यायला त्याला असली जीप हवी होती, इंजिन तो बघून घेणार होता. रविवारी दीपक जीप न्यायला येणार होता. सगळं ठरवूनच फोन केला होता.

मला रडू आलं नाही, राग आला. जीप गेली की मी कोण? ओट्यावर बसून तांदूळ निवडणारी म्हातारी. आणि वाडीतली पोरं काय पाठीला पंख लावून शाळेत जाणार? मी महिपतना म्हटलं, "तुमची जीप आहे, तुम्ही बोला की काहीतरी!" ते नुसते म्हणाले, "जरा दिवस जाऊ देत गो. मग बघू." आयुष्यभर स्टेअरिंग धरलेला माणूस, आणि ऐन वेळी हे असं गुळमुळीत बोलणं. माझं डोकंच फिरलं.

शनिवारी संध्याकाळी विनीत आणि सून नम्रता घाटी चढून पायी आले. जीप खाली न्यायची नाही असं साहेबांनी फोनवर बजावलं होतं ना! नम्रता दाताच्या दवाखान्यात काम करते. मोजकं बोलते, पण बोलते ते बघून बोलते. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हललेला नाही. वाडीतल्या बायका माझ्या कानाशी लागतात, अमका वैद्य, तमका नवस. मी नम्रताला एका शब्दाने कधी विचारलं नाही. त्याचा मला मोठा गर्व होता.

रविवारी उजाडल्या उजाडल्या मी पदर खोचला. म्हटलं, जीप जायचीच असेल तर जाईल, पण काय झालंय ते कळल्याशिवाय जाणार नाही. रिंगा गेल्या म्हणे! रिंगा गेल्यावर गाडी निळा धूर सोडते, चढावर रडते. ही तर भरल्या पोत्यांनिशी घाटी दुसऱ्या गिअरवर चढत होती, आणि मागे धुराचा पत्ता नव्हता.

रॉकेल मिळत नाही, म्हणून बाटलीभर डिझेल आणि जुना ब्रश घेऊन इंजिन धुतलं. कानाकोपऱ्यातला चिकटा काढला, फडक्याने पुसलं, उन्हात उघडं ठेवलं. मग भाकरीचं तांदळाचं पीठ बारीक चाळून फडक्यात बांधलं आणि ती पुरचुंडी इंजिनावर आपटत सुटले. इंजिन असं पांढरंफेक झालं, जशी काही गौर मांडलीय.

काशीराम कुंपणापाशी दात घासत उभा होता. आमच्या वाडीचा रेडिओ. म्हणाला, "वयनी, घावणे घालतेस काय इंजिनावर? अगो, ह्या बायमाणसाचा काम नाय."

"खरं आहे तुझं," मी म्हटलं. "बायमाणसाचं काम नाही. पुरुषमाणसाने केलं आणि वाट लागली, म्हणून बायमाणसाकडे आलंय. तू तोंड धू आधी."

इंजिन सुरू केलं आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिले. पिठावर ऑइल लपत नाही. आधी टॅपेट कव्हरची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाची, कड काळवंडली. मग पुढे पुलीच्या मागे डाग उमटला. मग मागे, गिअरबॉक्स इंजिनाला मिळतो तिथे, शिवाच्या नव्याकोऱ्या सीलखाली. तीन ठिकाणी, आणि जवळपास एकदमच. एखादं सील मरतं, कबूल. पण तीन जावा एकाच सकाळी रुसून माहेरी जात नाहीत. घरात कोणीतरी काडी घातलेली असते. तेवढ्यात ऑइल मोजायची पट्टी आपली आपण वर सरकली आणि तिच्या भोकातून बारीक फवारा माझ्या गालावर आला.

मी गाल पुसला आणि मला स्वयंपाकघरातला कुकर आठवला. शिट्टी भाताच्या कणाने चोंदली की वाफ रबराखालून येते, दांड्यापाशी येते, मिळेल तिथून येते. तेव्हा आपण काय रबरं बदलत बसतो? शिट्टी साफ करतो आणि कुकर मुकाट्याने शिजवायला लागतो. इंजिनाच्या पोटातही वाफारा होतोच, चांगल्या इंजिनातही होतो. तो बाहेर सोडायला एक नळी असते, टॅपेट कव्हरपासून निघून खाली जमिनीकडे तोंड केलेली. महिपतनी अलोऱ्याला शिकवलं होतं मला, हे इंजिनाचं नाक.

इंजिन बंद केलं. गोणपाट अंथरलं आणि जीपखाली शिरले. नळीच्या तोंडाला बोट लावलं, तर बोट आत जाईना. तांबडी माती, दगडासारखी घट्ट, आणि कोणी हाताने लिंपावी तशी गुळगुळीत.

"विमल, तिथं हात लावू नको!"

महिपत मांगराच्या दगडी पायरीवर बसले होते. ज्या माणसाला माझा चेहरा दिसत नाही, त्याला जीपखाली माझं बोट कुठे आहे ते कळलं? मी सरपटत बाहेर आले.

"काय आहे तिथं?"

त्यांनी काठीने पायरी चाचपली.

"अहो, काय आहे नळीत?"

"कुंभारीण हाय."

कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची गांधीलमाशी, पऱ्यावरची ओली माती आणून भिंतीला, खुंटीला, कुठल्याही भोकात घर बांधणारी. आमच्याकडे म्हणतात, कुंभारणीने घरात घर केलं की त्या घरात मूल येतं. ते घर मोडायचं नसतं. पिल्लं उडून जाईपर्यंत तिथे केरसुणीसुद्धा फिरवत नाहीत आणि त्याचा बोभाटाही करत नाहीत, नाहीतर फळ जातं म्हणे.

"तू मुंबईला होतीस," ते सांगायला लागले. "मी हितं बसायचो. माती लिंपताना ती गुणगुणते, ता ऐकला मी. चाचपून बघितला. नळीतच जात होती. इतकी वर्षं आपल्या घरात कधी आली नाय गो कुंभारीण. म्हटला, देवीन पाठवलन. मी देवळात जाऊन गाऱ्हाणा घातला, नातवंडासाठी."

"म्हणजे नळी चोंदलीय हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"उडून गेली असती ती. मग मी स्वतः साफ करणार होतो."

"आणि तोपर्यंत?" माझा आवाज चढला, चढू दे. "शिवा सील बदलत होता तेव्हा तुम्ही गप्प! विनीतने गिऱ्हाईक ठरवलं तेव्हा गप्प! अख्खी वाडी म्हणत होती, वयनीन इंजिन बसवलन, ते या पायरीवर बसून दोन्ही कानांनी ऐकत होतात ना? तुमच्या बायकोला लोक नावं ठेवत होते, आणि तुम्ही एका माशीसाठी तोंडाला कुलूप घातलंत?"

"मी विनीतला म्हणत होतो, दिवस जाऊ देत..."

"दिवस गेले! रविवार आला!"

मला आता खरंच रडू आलं. परके बोलतात त्याचं काही वाटत नाही. पण आपलं माणूस खरं माहीत असून गप्प बसलं, ते लागलं. पिठाच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे तोंडही पांढरं झालं असणार. कोणाची हसायची छाती झाली नाही.

आरडाओरड ऐकून विनीत आणि नम्रता मागच्या दाराने बाहेर आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, नळी, माती, वाफारा. विनीत माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे रिंगा गेल्या नाहीत?"

"रिंगा ठणठणीत आहेत. नाक चोंदलंय."

महिपत उठून उभे राहिले. "नाक चोंदू दे नायतर कान. तिचा घर मोडायचा नाय. मोडलंत तर आजच दीपकला सही करून देतो. जीप माझ्या नावावर हाय."

आता काय बोलता! जीप वाचवायची वाट सापडली आणि त्याच वाटेवर माझाच नवरा आडवा. पण संसार काही असाच केलेला नाही मी. राग गिळला आणि म्हटलं, "बरं, मोडत नाही. नळीच सोडवते, घरासकट. ती इथे वाशाला टांगा. पंपाच्या पाइपाचा तुकडा कापून मी जीपला दुसरी नळी लावते. जीप राहील, तुमची कुंभारीण राहील. झालं?"

महिपतनी थोडा विचार केला. "अलगद काढशील?"

"अलगद काढीन."

विनीतने सुटलो म्हणून श्वास सोडला. मी पाना घेतला, नळीचे दोन बोल्ट सोडवले आणि ती हातावर तोलत बाहेर आणली. मिटलं होतं सगळं. दीपकला चहा पाजून परत पाठवायचं, एवढंच उरलं होतं.

"नको," नम्रता म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"ती टांगू नका, आई. टांगलीत की बाबा रोज तिला चाचपणार, वाडी रोज येऊन बघणार. कुंभारीण उडाली की मला फोन येणार. आणि दर महिन्याला येणार. मी या घरात आले की सगळे आधी त्या नळीकडे बघतील आणि मग माझ्या पोटाकडे." तिची मान खाली गेली नव्हती. "बाबा, आम्हाला मूल नकोय. होत नाही असं नाही. नकोय. आम्ही लग्न झालं तेव्हाच ठरवलंय, दोघांनी."

मी विनीतकडे बघितलं. "काय रे? आईला म्हातारी म्हणताना जीभ चुरूचुरू चालते. आता का मूग गिळून बसलास?"

"खरं आहे, आई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी सांगणार होतो."

"कधी? मी सरणावर चढल्यावर?"

महिपत खाली बसले. मग ते म्हणाले, "सूनबाई, तुझा तुझ्यापाशी. पण ता घर मोडायचा नाय. मोडलंस तर जीप गेली. मी बोललो ता बोललो."

नळी माझ्या हातात होती. एक सांगते, लपवण्यासारखं काही नाही. मला नातवंड हवं होतं. हवंच होतं. विचारत नव्हते म्हणजे नको होतं असं नाही. त्या तांबड्या मातीवर माझं बोट होतं आणि क्षणभर मलासुद्धा वाटलं, राहू दे, टांगू दे, पोरांची मनं बदलतात. मग माझंच मला हसू आलं. परवापर्यंत सगळे मला सांगत होते, वय झालं, स्टेअरिंग सोड. तिला सांगत होते, वय जातंय, पाळणा हलव. सांगणारे तेच. मला त्यांचा राग आला तर तो खरा, आणि तिला आला की मी म्हणणार, पोरीचं मन बदलेल? असं कसं चालेल?

मोडकी छत्री मांगराच्या कुडाला अडकवलेली होती. तिची एक काडी मोडून मी नम्रताच्या हातात दिली आणि नळी तिच्यासमोर धरली.

"आई, जीप..." विनीत म्हणाला.

"तू गप्प बस. तुझी बोलायची वेळ टळून गेली."

नम्रताने काडी घातली. पहिल्यांदा हात कचरला तिचा, मग दात आवळून तिने ती आत ढकलली. मातीचं झाकण फुटलं, मागोमाग आतले पडदे फुटले. तांबड्या ढेकळांबरोबर हिरव्या अळ्या पडल्या आणि एक पांढरं, डोळे न फुटलेलं पिल्लू. आमच्या कोंबडीने पळत येऊन सगळं टिपलं. कोंबडीला शकुन-अपशकुन नसतो. नम्रताचे डोळे भरले होते. "वाईट वाटतंय मला," ती म्हणाली. "पण बरं झालं."

महिपतनी मान फिरवली. माती पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता.

मी नळी धुतली, फुंकून बघितली, जागेवर बसवली. कव्हरचे बोल्ट जरा आवळले, ऑइल भरलं, सगळं पुसून पुन्हा नवं पीठ मारलं. जीप जाणार होती, पण मी तिला गळकी म्हणून पाठवणार नव्हते. वयनीन इंजिन बसवलन हे नाट्यापर्यंत जायला नको. इंजिन सुरू केलं, मांगरातून काढलं आणि एकटीच घाटी उतरले. पऱ्यापाशी वळवली आणि पहिल्या गिअरवर नाही, दुसऱ्यावर वर आणली. बॉनेट उघडलं. पीठ पांढरं होतं. पट्टी जिथल्या तिथे. खाली वाकून नळीच्या तोंडाशी हात धरला, तर हाताला कोमट वाफारा लागत होता.

दीपक तोवर येऊन ओट्यावर बसला होता. साधा माणूस, पायाला अजून वाळू लागलेली. त्याने बॉनेटमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाला, "इंजिनाला पीठ कसला लावलाय?"

"ते आमच्याकडे लावतात," मी म्हटलं.

त्याला काही सुधरेना. तो महिपतकडे वळला. "काका, तुम्ही जुने ड्रायव्हर. विनीतभाऊ म्हणाले इंजिन गेलाय. आता तर आवाज बरा लागतोय. खरा काय ता सांगा."

इंजिन चालूच होतं. महिपतनी मान तिरकी केली. गाडीचा आवाज ऐकताना ते अशीच मान करतात. त्यांनी नुसतं 'गेलाय' म्हटलं असतं तरी जीप स्वस्तात गेली असती आणि त्यांचा शब्दही राहिला असता. विनीत बघत होता, नम्रता बघत होती, कुंपणावरून काशीराम बघत होता.

"इंजिन चांगला हाय," महिपत म्हणाले. मग थोडं थांबून, काशीरामकडे तोंड करून, चांगलं मोठ्याने म्हणाले, "बसला नव्हता कधीच. नळी चोंदली होती. माझ्यामुळं. मला ठाऊक होता आणि मी बोललो नाय. हिच्या हातून काय झाला नाय. आणि जीप मी देत नाय."

"मग बोलावलंत कशाला मला?" दीपक म्हणाला. रास्तच होतं त्याचं. त्याला चहा दिला, घावणे दिले, नम्रताने माफी मागितली. बिचारा जेवूनच गेला.

दुपार टळल्यावर महिपत काठी घेऊन माझ्यापाशी आले. माझा राग गेला नव्हता. तो काही ऑइलचा डाग नव्हे, पुसला की गेला. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "ठेव राग. पण मला देवळात सोड. गाऱ्हाणा मी घातलाय, मागं घ्यायला पण मलाच जायला हवा. देवीपाशी उगाच मागणा पडून ऱ्हायला नको."

आम्ही चौघं जीपमधून देवळात गेलो. पाठीमागे काशीराम चढून बसला. असल्या वेळी तो घरी राहतो होय! आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवीशी मोठ्याने बोलणं. एकाने सांगायचं आणि बाकी सगळ्यांनी एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं. तसं म्हटल्याशिवाय ते देवीच्या खाती लागत नाही. गुरव शेतावर होता, म्हणून महिपतच नारळ घेऊन उभे राहिले. देवळात पाच-सहा माणसं टेकली होती, ती उठून मागे आली.

"आई," महिपत म्हणाले, "मी तुझ्यापाशी नातवंड मागितला होता. पोरांना न विचारता मागितला. ता मागणा मी परत घेतो. पोरांच्या मनात जा हाय, ताच घडू दे. आणि ह्याच्यावरून माझ्या सुनेला जो कोण बोल लावील, त्याचा तू बघून घे."

असलं गाऱ्हाणं त्या देवळात कोणी कधी ऐकलं नव्हतं. माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. काशीरामने तोंड उघडलं आणि मिटलं. विनीत पायाकडे बघत राहिला. नम्रताने तर मान खाली घातली होती, आणि तिने ते म्हणावं अशी अपेक्षा कोण करणार? महिपत नारळ धरून वाट बघत उभे होते.

म्हणजे मीच उरले. मला ते म्हणायचं नव्हतं, देवीशपथ नव्हतं. मग मी घसा खाकरला आणि खालच्या वाडीपर्यंत जाईल अशा आवाजात, एकटीने म्हटलं,

"होय म्हाराजा!"